संवत १९४८ म्हणजे इसवी सन १९४८ नव्हे : एका ऑनलाइन नाणे-लिलावाविषयी

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका मित्राच्या घरी आम्ही सात-आठ नाणेसंग्राहक दर महिन्याला जमतो. ज्या ऑनलाइन लिलावात आमच्यापैकी बहुतेक जण बोली लावतात, त्याची नवी यादी बैठकीच्या सुरुवातीलाच कोणीतरी मोबाइलवर मोठ्याने वाचतो आणि बाकीचे हसून बेजार होतात. मीही हसतो. परंतु मी या लिलावातून आजवर अकरा लॉट (बोलीसाठी एकत्र मांडलेले नग) घेतले आहेत आणि नव्याने छंदाला लागलेली मुले याच वर्णनांवर विसंबून पैसे लावताना पाहिली आहेत, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. हेच दोष इतर ठिकाणीही आढळत असल्याने लिलाव चालवणाऱ्यांचे नाव देत नाही.

गेल्या यादीत सर्वांत मोठा हशा मिळाला तो सयाजीरावांच्या चांदीच्या रुपयाला. छायाचित्र ओळखता येईल इतपत बरे होते : एका बाजूला पगडी घातलेली महाराजांची मुद्रा, दुसरीकडे पानांच्या वेढ्यात मूल्य, साल आणि तलवार. वर्णनात मात्र ‘बडोदा संस्थान, सन १९४८, स्वातंत्र्यानंतरचे अतिदुर्मिळ नाणे’ असे लिहिलेले. नाण्यावर १९४८ हा आकडा आहेच, पण तो विक्रम संवताचा. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन १८९१ येते. “अहो, महाराजांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती!” असे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका म्हणाले, आणि ते खरेच आहे. सयाजीराव तिसरे १९३९ च्या फेब्रुवारीत वारले, आणि १९४९ च्या मे महिन्यात संस्थानच मुंबई प्रांतात विलीन झाले. बडोदेकराला ही गफलत क्षणात कळते. ज्याने हे नाणे कधी हातात घेतलेले नाही, त्याने ‘स्वातंत्र्यानंतरचे’ या एका शब्दापायी बोली दुप्पट केली, तर त्याला दोष कसा द्यावा?

शिवराईच्या बाबतीत तर मला हसूही येत नाही. तांब्याच्या प्रत्येक शिवराईखाली ‘छत्रपती शिवाजी महाराजांचे राज्याभिषेकाचे नाणे, १६७४’ हेच वाक्य चिकटवलेले असते. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरे महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ नाण्यांवर पाडली जात राहिली. यादीतल्या एका नाण्यावर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन समांतर रेघा स्वच्छ दिसत होत्या, म्हणजे ती दुदांडी शिवराई होती, पुष्कळ नंतरच्या काळातली. ती टाकाऊ नाही, माझ्या संग्रहात अशा अनेक आहेत आणि मला त्या प्रिय आहेत. पण महाराजांच्या हयातीतली शिवराई आणि दुदांडी यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि महाराजांचे नाव ऐकून मराठी माणूस हात आखडता घेत नाही, हे विक्रेत्याला चांगले ठाऊक असते. त्याच पानावर ‘ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८, रामदरबार’ हाही लॉट होता. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. हे बनावट साल घातलेले टोकन, म्हणजे चलनात नसलेला नाण्यासारखा बिल्ला आहे आणि नाण्यांच्या यादीत त्याला जागाच असू नये.

वजन दहापैकी जेमतेम दोन लॉटना दिलेले असते. ब्रिटिश काळातल्या रुपयाचे प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम, काट्यावर दहा-साडेदहा भरले, तर पुढचे काही विचारायचे कारण उरत नाही. असा लहान काटा काही शे रुपयांत मिळतो. दर्जासाठी ‘सुंदर’, ‘खूप सुंदर’ आणि ‘अप्रतिम’ असे तीन शब्द वापरतात. त्यांत नेमका फरक काय, हे मी दोनदा विचारले, उत्तर आले नाही.

माझा स्वतःचा अनुभव व्हिक्टोरियाच्या १८६२ सालच्या रुपयाचा आहे. या रुपयावरचे साल १८७४ पर्यंत बदलले नव्हते, त्यामुळे सालाखालची बारीक टिंबे मोजून संग्राहक त्याचे प्रकार वेगळे करतात. साहजिकच सालाच्या भागाचे स्पष्ट छायाचित्र हवे. इथे नेमका तोच भाग फ्लॅशच्या उजेडात पांढरा झाला होता. दर्जा ‘अप्रतिम’ लिहिलेला पाहून मी बोली लावली, वर खरेदीदाराचे शुल्क आणि त्यावरचा जीएसटी भरला. नाणे घरी आल्यावर खिडकीशी नेऊन कडेने फिरवले, तर राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर किनारीचे दात साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीत बुजलेले आढळले. भिंगातून पाहता तिथे करड्या रंगाचा डाख, म्हणजे धातू सांधायचा मसाला दिसला. म्हणजे या रुपयाला कधीकाळी कडी जोडलेली होती, तो कोणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होता, आणि कडी काढून जागा घासलेली होती. छापा आणि काटा या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांत यातले काहीच दिसत नाही. कडेचे एक छायाचित्र असते, तर मी या लॉटकडे वळलोच नसतो.

सेवेचा बाकीचा भाग चांगला आहे, तेही सांगितले पाहिजे. पार्सल चौथ्या दिवशी आले, नाणे नीट कप्प्यात बंद होते, फोन घेणारी मुलगी नम्रपणे बोलली. कडेचे छायाचित्र पाठवल्यावर त्यांनी वाद न घालता नाणे परत घेतले आणि बोलीची रक्कम बारा दिवसांत खात्यात जमा केली; परतीचे टपाल तेवढे माझ्या खिशातून गेले. पाचपैकी दोन तारे देतो, ते दोन्ही या वागणुकीचे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत यादी वाचण्याची पाळी माझी होती. अर्ध्यावर आलो आणि तोच रुपया समोर आला : तीच दोन छायाचित्रे, सालावर तोच पांढरा झोत, दर्जा ‘अप्रतिम’, आणि कडेविषयी एक अक्षरही नाही.