पद्मिनी घ्यायची, पण जशीच्या तशी की बदल केलेली?

जुनी प्रीमियर पद्मिनी शोधायला निघालात की दोन तऱ्हेच्या गाड्या समोर येतात. एक कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशी: १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे सलग सीट. दुसरी बाहेरून पद्मिनीच, पण बॉनेट उघडलं की आत दुसऱ्याच गाडीचं इंजिन, रुंद टायर, गिअर खाली जमिनीवर. दोन्हींच्या किमती तोडीस तोड सांगितल्या जातात आणि घेणारा गोंधळतो. माझा कौल सुरुवातीलाच सांगतो: इंजिन मूळचंच असू द्या, पैसे खर्च करा ते ब्रेक, कूलिंग आणि वायरिंगवर.

आधी चालवण्याबद्दल. मूळ इंजिनाची ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर. पन्नास-साठच्या वेगात ही गाडी इतकी गोड चालते की घाई करावीशी वाटत नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याला जायचं तर हीच घ्या. एक्स्प्रेसवेवर मात्र मागून येणाऱ्या ट्रकचा सतत धाक वाटतो. इंजिन बदललेल्यांत एक जुनी, नावाजलेली जोडणी म्हणजे प्रीमियरच्याच ११८एनई या दुसऱ्या गाडीतलं निस्सानचं ए१२ इंजिन. ते ११७१ सीसीचं, ११८एनईमध्ये ५२ हॉर्सपॉवरच्या आसपास. चढाला फरक लगेच कळतो, वारंवार गिअर पाडावा लागत नाही. पण त्या इंजिनाबरोबर त्याचा गिअरबॉक्स येतो, मग दांडा जमिनीवर येतो आणि पुढची सलग सीट कापावी लागते. मला हे फार खटकतं. तिघांनी पुढे खेटून बसायचं आणि डाव्या हाताने स्टिअरिंगखाली गिअर टाकायचा, यातच तर पद्मिनीची मजा आहे. शिवाय ११८एनई स्वतःच आता क्वचित दिसते, म्हणजे पुढे सुटे भाग दोन-दोन गाड्यांचे शोधायचे.

वाढलेला जोर जातो कुठे, हेही पाहा. तो डिफरन्शियलवर (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर पडतो. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. खालचा पत्रा आणि दाराखालची पट्टी गंजलेली असेल, तर नवं इंजिन त्या कमजोर पत्र्यालाच हिसके देत राहणार. बदल केलेली गाडी बघायला जाल तेव्हा रंगावर भाळू नका. जॅक लावून गाडी उचला आणि दार उघडझाप करून पाहा. उचलल्यावर दार अडकायला लागलं, तर बॉडी वाकते आहे असं समजा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे बदलाच्या बाजूने. लांब घाट उतरताना ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रम ओले होतात, आणि पुढच्या सिग्नलला छातीत धस्स होतं. पुढे डिस्क ब्रेक आणि सोबत सर्वो (पेडलवरचा पायाचा जोर वाढवून देणारा भाग) नीट बसवलेली पद्मिनी एकदा चालवून पाहा, वाद मिटेल. तेच सीटबेल्टचं. फक्त त्याचे बोल्ट पातळ पत्र्यात नकोत, आतून जाड पट्टी वेल्ड करून घ्या.

उन्हाळ्याची गंमत वेगळी. मूळ पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला. ट्रॅफिकमध्ये तो तापला की पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे, आजही तो उपाय चालतो. रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा आणि इंजिनापासून लांब बसवलेला इलेक्ट्रिक पंप असला तर फडक्याची गरज फारशी पडत नाही. ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं की ट्यूनिंगही लवकर बिघडत नाही. हेडलाइट मिणमिणते असतात त्याला बऱ्याचदा जुनी वायर आणि स्विचच कारण असतं. दोन रिले (बल्बला बॅटरीतून थेट वीज देणारे स्विच) टाकून घ्या, आहे तोच बल्ब लख्ख पेटतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे वॉशर त्याने खराब होतात. गाडी मूळ असो की बदललेली, हे आधी बदला.

सुट्या भागांत मूळ गाडी अजून पुढे आहे. ही मुंबईची टॅक्सी होती, त्यामुळे पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागात झिजणारे भाग मिळतात. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. मागणी आटली की दुकानदारही माल भरत नाही, तेव्हा गाडी घेतल्या घेतल्या वॉटर पंप, क्लच प्लेट, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) असा साठा करून ठेवा.

कागदांच्या बाजूने मात्र इंजिन बदललेली गाडी फार मागे पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील मूळ कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो, पण तो इंजिन, चासी आणि बॉडी मूळ असेल तरच, आणि ती गाडी मग रोज वापरता येत नाही. १९७४ ची पद्मिनी या वयात बसते, इंजिन बदललेलं असलं तर ती संधी गेली. रोज चालवायची तर साधी नोंदणीच चालू ठेवा. वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे, तेही हिशेबात धरा.

सौदा पक्का करण्याआधी बॉनेट उघडून इंजिनवर ठोकलेला नंबर स्वतः वाचा आणि आरसीशी ताडून पाहा. “नंतर चढवून देतो” असं विक्रेता म्हणाला, तर आरटीओतून तो चढून येईपर्यंत टोकनही देऊ नका.