‘मोंत्राशे’ म्हणून पुलिन्यी: सेंद्रिय बर्गंडी घेताना होणारी फसवणूक

लंडनमधल्या एका मराठी कुटुंबाने ‘मोंत्राशे, ग्रां क्रू, सेंद्रिय’ अशी जाहिरात बघून फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या पांढऱ्या वाइनच्या सहा बाटल्या मागवल्या. ‘ग्रां क्रू’ म्हणजे तिथला सर्वोच्च दर्जा. आल्या त्या पुलिन्यी-मोंत्राशेच्या, म्हणजे गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या साध्या वाइनच्या. ‘सेंद्रिय’ला आधार काय, तर मागच्या लेबलवरचा एचव्हीईचा, म्हणजे फ्रान्समधल्या शेतीसाठीच्या एका पर्यावरण-प्रमाणपत्राचा, शिक्का. पैसे बँक ट्रान्सफरने गेले होते. विक्रेता आता फोन उचलत नाही.

यात बाटली खोटी नव्हती, लेबलही खरंच होतं. म्हणूनच हा प्रकार सहज खपतो. मोंत्राशे हा जेमतेम ८ हेक्टरचा द्राक्षमळा, पुलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या शिवारात विभागलेला. १८७९ मध्ये दोन्ही गावांनी त्याचं नाव आपल्या नावाला जोडलं आणि सपाटीवरच्या शेतांतली वाइनही ते नाव मिरवू लागली. अस्सल बाटलीवर ‘मोंत्राशे’ एकटंच असतं, सोबत ‘ग्रां क्रू’. गावाच्या नावासोबत ‘प्रमिये क्रू’ असेल तर दर्जा एक पायरी खाली, नुसतं गाव असेल तर दोन. बातार-मोंत्राशे आणि शव्हालिए-मोंत्राशे हे मात्र शेजारचे स्वतंत्र ग्रां क्रू मळे आहेत, त्यांना गाव समजू नका.

एचव्हीई म्हणजे सेंद्रिय नव्हे. त्यात रासायनिक फवारणी चालते. सेंद्रिय वाइनवर ताऱ्यांनी रेखलेलं युरोपियन हिरवं पान असतं आणि जवळच ‘एफआर-बायो’ व आकडा असा तपासणी संस्थेचा कोड. उत्पादकाचं नाव फ्रान्सच्या ‘आजांस बियो’च्या यादीत शोधा, प्रमाणपत्र कोणत्या तारखेपासूनचं आहे तेही बघा. मळा सेंद्रिय व्हायला ३ वर्षं लागतात, त्यामुळे आजचं प्रमाणपत्र जुन्या सालाच्या बाटलीला लागू होईलच असं नाही. ‘सेंद्रिय वाइन’चे युरोपियन नियम २०१२ च्या हंगामापासूनचे, त्याआधीच्या सालाच्या बाटलीवर पान दिसलं तर लेखी खुलासा मागा.

पैसे देण्याआधी दोन्ही लेबलं, बुचावरचं आवरण आणि वाइनची पातळी यांचे दिवसाउजेडी काढलेले फोटो घ्या. दहा वर्षांच्या आतली बाटली बुचाखाली दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त रिकामी असेल किंवा रंग तपकिरीकडे झुकला असेल, तर घेऊ नका. पांढरी बर्गंडी वेळेआधी ऑक्सिडाइज होते, म्हणजे हवेमुळे बिघडते, हे १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या सालांत वारंवार दिसलं आहे, आणि असा माल सवलतीत काढला जातो.

ब्रिटनमध्ये दुकानदाराकडून घेताना क्रेडिट कार्डच वापरा. १०० पौंडांपेक्षा महाग वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडेही दावा करता येतो.