पोटाच्या डायलिसिसची नळी: सुईने, चीर देऊन की दुर्बिणीने?

धडगाव किंवा अक्कलकुव्याहून आठवड्यातून तीनदा रक्ताच्या डायलिसिससाठी नंदुरबार गाठणे ज्यांना झेपत नाही, त्यांनी पोटाचे डायलिसिस (पोटात नळीने द्रावण भरून आणि काढून रक्त शुद्ध करण्याची पद्धत) निवडले की नळी बसवायची कशी, हा प्रश्न येतो. नळी बहुधा सगळीकडे एकाच घाटाची असते: १९६८ मध्ये किडनीतज्ज्ञ टेंकहॉफ यांनी रूढ केलेली, दोन कफांची (कफ म्हणजे नळी जागेवर धरून ठेवणारे तिच्याभोवतीचे कापडी कडे). फरक पडतो तो ती पोटात नेण्याच्या वाटेमुळे.

सुईच्या पद्धतीत जागेवरच भूल देऊन, सोनोग्राफीच्या आधाराने सुई, मग तार आणि तारेवरून नळी सरकवली जाते. हृदय अशक्त असल्याने पूर्ण भूल सोसणार नाही अशांना ही सोयीची, आणि अनेकदा किडनीतज्ज्ञच ती करतात. मात्र आतले थेट दिसत नसल्यामुळे सिझेरियन किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या, म्हणजे आत चिकटपणा असू शकणाऱ्या पोटात आतड्याला इजा होण्याचा धोका वाढतो.

छोटी चीर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत सर्जन पोटाचा एकेक थर पाहत आत जातो आणि आतील पडदा नळीभोवती टाक्याने आवळतो. दुर्बीण नसलेल्या ठिकाणीही ती होते. जुनी म्हणून तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

दुर्बिणीला बहुधा पूर्ण भूल लागते आणि खर्चही वाढतो, पण तिची खरी किंमत नुसत्या पाहण्यात नाही. चिकटलेले भाग सोडवणे, नळीला वेढा घालणारी चरबीची झालर वर टाक्याने अडकवणे आणि नळीचे टोक ओटीपोटातच राहावे म्हणून तिला स्नायूच्या आवरणातून तिरकी वाट देणे, ही कामे होणार असतील तरच ती चिरेपेक्षा सरस ठरते. त्यामुळे ‘यांपैकी काय करणार आणि अशा किती नळ्या बसवल्या आहेत?’ असे सर्जनला निःसंकोच विचारावे. हर्निया असेल तर तोही त्याच वेळी दुरुस्त करता येतो.

पद्धत कोणतीही असो, नळी बाहेर येण्याची जागा आदल्या दिवशी रुग्णाला नेहमीच्या कपड्यांत बसवून आणि उभे करून आखून घ्यावी. परकराची नाडी किंवा पट्टा त्या जागेवर आला, तर भुसावळच्या उन्हाळ्यात घाम आणि घर्षणाने ती चिघळायला वेळ लागत नाही. बद्धकोष्ठतेने नळी सरकते, म्हणून पोट आधीच साफ हवे. नळी बसवल्यावर डायलिसिस सुरू करण्याआधी शक्य तर दोन आठवडे थांबावे. तातडी असल्यास आडवे झोपवून थोडे थोडे द्रावण भरत सुरुवात करतात.