छापील क्रमांकावर विसंबून घेतलेले दहा ट्रान्झिस्टर

ट्रान्झिस्टरची लहानमोठी सर्किटे घरी जोडण्याचा छंद मला शाळेपासून आहे. गेल्या वर्षी मी १२ व्होल्टचा, ३ अँपिअर देऊ शकेल असा पॉवर सप्लाय बांधायला घेतला. मांडणी नेहमीचीच होती: १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, व्होल्टेज स्थिर धरणारा १३ व्होल्टचा झेनर डायोड, त्यापुढे एसएल१०० हा लहान ट्रान्झिस्टर आणि शेवटी हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) बसवलेला २एन३०५५ हा मोठा पॉवर ट्रान्झिस्टर. सामान आणायला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात गेलो. ज्या दुकानातून मी वर्षानुवर्षे खरेदी करतो तेथे २एन३०५५ ची किंमत नगाला ७० रुपये होती. जवळच्याच बोळातील एका विक्रेत्याने ‘ओरिजिनल आहे, जुना स्टॉक आहे’ असे सांगून तोच ३० रुपयांना देऊ केला. मी दहा नग घेतले, पैसे रोख दिले आणि बिल मागितले नाही.

घरी प्रत्येक नग मल्टिमीटरवर तपासला. दोन्ही जंक्शने डायोडसारखी नीट दिसली, वायरी लावून पाहिलेला गेनही (करंट किती पटीने वाढतो तो आकडा) ठीक आला. सप्लाय जोडून पूर्ण झाला, व्होल्टेज ११.७ मिळाले, आणि मी निःशंकपणे मेहुण्यांनी दिलेला मोटारीतला स्टिरिओ त्यावर लावला. दहाएक मिनिटांनी आवाज बंद पडला आणि जळका वास आला. मीटर लावला तेव्हा आउटपुटला २४ व्होल्ट होते. २एन३०५५ ची कलेक्टर आणि एमिटर ही दोन टोके आतून एकमेकांना चिकटली होती आणि रेक्टिफायरचे सगळे व्होल्टेज थेट स्टिरिओत गेले होते. मेहुण्यांनी तो विश्वासाने माझ्याकडे दिला होता, आणि त्यांना हे सांगताना मला फार वाईट वाटले.

दोष माझाच असणार, असे धरून मी तीन रविवार शोध घेतला. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा तुकडा बदलला, हीटसिंक पेस्ट नव्याने लावली, सर्किट ऑसिलेट होत (आपोआप कंप पावत) असेल म्हणून ट्रान्झिस्टरच्या बेस या तिसऱ्या टोकाजवळ कपॅसिटर लावला. हिशेबही पुन्हा मांडला. भार असताना कलेक्टरवर २२ व्होल्ट आणि एमिटरवर सुमारे १२, म्हणजे ३ अँपिअरला ट्रान्झिस्टरमध्ये ३० वॉट उष्णता. उत्पादकाच्या डेटाशीटप्रमाणे केस (बाहेरचे धातूचे कवच) २५ अंशांवर असताना २एन३०५५ ला ११५ वॉट चालतात आणि केस १०० अंशांपर्यंत तापली तरी ६५ वॉट सोसतात. तरीही हेडलाइटचा बल्ब भार म्हणून लावून पाहिल्यावर दुसरा नग गेला, मग तिसराही गेला. तिसरा जाताना माझा हात हीटसिंकवर होता आणि ती जेमतेम कोमट होती. उष्णता आत निर्माण होत होती, पण बाहेर येतच नव्हती. त्या क्षणी मला पहिल्यांदा ट्रान्झिस्टरचाच संशय आला.

मग मी मेलेल्या नगाची टोपी बारीक हॅक्सॉने कापली. (हे सरसकट कोणत्याही ट्रान्झिस्टरवर करू नये, रेडिओ लहरींसाठीच्या (आरएफ) काही पॉवर ट्रान्झिस्टरांत बेरिलियम ऑक्साइड असते आणि त्याची धूळ विषारी असते.) आत पातळ पत्र्याच्या तळावर जेमतेम दीड मिलिमीटरची चिप थेट चिकटवलेली होती. माझ्याकडील जुन्या, बिघडलेल्या अॅम्प्लिफायरमधून काढलेला एक मेलेला २एन३०५५ कापून शेजारी ठेवला, तर त्यातील चिप तिच्या दुपटीहून मोठी होती आणि खाली उष्णता पसरवणारी तांब्याची जाड चकती होती. त्याच अॅम्प्लिफायरमधला दुसरा, चालू असलेला नग माझ्या सर्किटमध्ये बसवला. तो ३ अँपिअरवर तासभर चालला, हीटसिंक चांगली तापली, आणि आजही तोच चालू आहे.

नवख्या मंडळींना आवर्जून सांगायचे ते मीटरबद्दल. मल्टिमीटर अगदी थोडा करंट सोडून तपासतो, त्यामुळे लहान चिपचा बनावट नगही त्या परीक्षेत सहज पास होतो. लोहचुंबकानेही निर्णय होत नाही, कारण खऱ्या नगांच्या केसही पुष्कळदा पोलादी असतात. माझ्या नगांवरची अक्षरे अॅसिटोनच्या बोळ्याने पुसली गेली, पण जुनी शाई खऱ्या मालावरूनही पुसली जाऊ शकते. खात्रीची परीक्षा एकच: हीटसिंकवर बसवून, भार म्हणून हेडलाइटचा बल्ब लावून, ठरलेल्या वॉटेजवर अर्धा तास चालवणे. आणि आउटपुटला फ्यूजसह थायरिस्टरचे क्रोबार संरक्षण (व्होल्टेज वाढताच आउटपुट शॉर्ट करून फ्यूज उडवणारे) घातल्याशिवाय कोणतेही मौल्यवान उपकरण जोडू नये. माझ्या सर्किटमध्ये ते असते तर स्टिरिओ वाचला असता.

मी विक्रेत्याकडे परत गेलो, कापलेले नग दाखवले. ‘तुमच्या सर्किटमध्ये दोष असेल, इलेक्ट्रॉनिकचा माल परत होत नाही,’ एवढेच उत्तर मिळाले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. परंतु त्या दुकानातून मी काही घेतले होते, हे दाखवणारा चिटोराही माझ्याजवळ नव्हता.

उरलेले सात नग भंगारात तसेच टाकले असते तर ते साफसूफ होऊन पुन्हा एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती पडले असते, म्हणून प्रत्येकाचे दोन्ही पाय मुळापासून छाटले आणि केसला आरपार भोक पाडले.