बदके रात्री खुराड्यात आणायची कशी: डबा वाजवून की मागून हाकून?

शेततळ्यावर किंवा परसात पाच-दहा बदके पाळावीत असा विचार मराठवाड्यात अनेकजण करतात. पण दिवेलागणीला ती आत कशी आणायची, हे पिले घेण्याआधीच ठरवलेले बरे. कोंबडी अंधारू लागताच आपसूक खुराड्याकडे वळते. बदकांना मात्र कमी उजेडातही बऱ्यापैकी दिसत असल्यामुळे ती पाण्यातच रेंगाळतात, आणि रानमांजर, कोल्हा व गावची मोकाट कुत्री यांचा फेरा त्याच सुमारास सुरू होतो.

पहिला मार्ग आवाज आणि खाद्याचा. पत्र्याच्या डब्यात मूठभर ज्वारी घालून तो रोज एकाच पद्धतीने खडखडवायचा आणि दिवसाचे शेवटचे खाद्य खुराड्याच्या आतच द्यायचे. दुपारनंतर बाहेर दाणा टाकला, तर ही सवय लागत नाही. खाद्यालगत नाकपुड्यांपर्यंत चोच बुडेल एवढे पाणी हवेच, कारण बदक घास भिजवून गिळते. मक्याची भरड बुरशी धरलेली नसावी. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष बदकांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी लवकर बाधते. या मार्गातील खरी अडचण मृगाच्या पावसानंतर येते. किडे, गांडुळे आणि गोगलगाई खाऊन पोट भरलेले बदक डब्याच्या आवाजाकडे सरळ दुर्लक्ष करते.

दुसरा मार्ग हाकण्याचा. बदके थवा मोडत नाहीत, या एका गुणावर तो उभा आहे. केरळच्या कुट्टनाडात मोजकी माणसे हातात लांब काठ्या घेऊन शेकडो बदके भातशेतांतून नेतात. दोन्ही हातांत एकेक तुराटी आडवी धरून थव्यामागून सावकाश चालावे. डावीकडची तुराटी पुढे केली की थवा उजवीकडे वळतो. काठी मारायची नसते, दाखवायची असते. धावपळ केली तर थवा फुटतो, आणि घाईत पाय धरून उचललेले बदक हमखास लंगडते. हा मार्ग पहिल्याच दिवसापासून चालतो, पोट भरलेले असो वा रिकामे. मात्र त्यासाठी रोज संध्याकाळी घरी कोणीतरी असावे लागते आणि बदके जमिनीवर असावी लागतात.

शेततळ्यावर नेमके इथेच घोडे अडते. तीस मीटर लांब-रुंद तळ्याच्या एका काठावर माणूस गेला की थवा निवांतपणे दुसऱ्या काठाला लागतो, आणि हा खेळ अंधार पडेपर्यंत चालतो. त्यामुळे तळे असेल तर डब्याची सवय लावण्याला पर्याय नाही, असे माझे मत आहे. प्लास्टिकच्या घसरड्या अस्तरावरून बदकांना वर येता यावे म्हणून एका बाजूला मातीने भरलेल्या पोत्यांची उतरंडही करावी लागेल. परसात लहान हौदच असेल, तर तुराटी पुरते. तरीही सोबत खाद्याची सवय लावली, तर पुढे काम निम्म्यावर येते.

दोन्ही मार्गांत नवीन बदके आधी आठवडाभर खुराड्यातच ठेवावीत, म्हणजे त्यांना ते आपले वाटू लागते. वेळ घड्याळाने न ठरवता सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची धरावी. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, तर जूनमध्ये सात वाजून जातात. खुराडा गच्च काळोखा असेल तर बदके दारातच बिचकतात आणि रात्री एकमेकांवर चढतात, म्हणून आत मंद दिवा हवा; विजेचा भरवसा नसलेल्या वस्तीवर तो सौर असलेला बरा. मस्कोव्ही जात घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ती उडून झाडावर किंवा पत्र्यावर बसते. तिच्या एका पंखाची उडण्याची पिसे कापल्याशिवाय डबा आणि तुराटी दोन्ही व्यर्थ. सकाळी दार उघडण्याची घाई करू नये. बदके बहुधा पहाटेपासून नऊपर्यंत अंडी देतात; त्याआधी सोडली, तर अंडी तळ्याच्या गाळात शोधावी लागतात.