व्यक्तिमत्त्व विकार ओळखण्यासाठी काय निवडावे: मुलाखत, प्रश्नावली की समाजमाध्यमांवरील भाषा?

समाजमाध्यमांवर माणूस वर्षानुवर्षे जे लिहितो, त्यातून त्याच्या व्यक्तिमत्त्व विकाराचा माग लागू शकतो का, या प्रश्नावर गेल्या दशकभरात बरेच संशोधन झाले आहे. आता हा प्रश्न संशोधकांपुरता उरलेला नाही. रुग्णांना भेटणारे मानसोपचारतज्ज्ञ, प्रबंधाचा विषय ठरवणारे विद्यार्थी आणि मानसिक आरोग्याची सेवा उभारणाऱ्या संस्था यांना कोणती पद्धत वापरायची हे प्रत्यक्ष ठरवावे लागते. माझे मत आधीच सांगतो. एखाद्या व्यक्तीचे निदान करण्यासाठी तिच्या पोस्टची भाषा पुरेशी नाही. मात्र समूहांचा अभ्यास करण्यासाठी, आणि त्याच व्यक्तीत काळानुसार होणारा बदल तिच्या संमतीने पाहण्यासाठी ती खरोखर मोलाची आहे. शिवाय कोणते मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकून अंदाज करणारी संगणक-प्रणाली, घ्यायचे यापेक्षा, त्या मॉडेलला शिकवताना ‘या माणसाला विकार आहे’ असे कोणी आणि कशाच्या आधारे सांगितले होते, हे तपासणे अधिक महत्त्वाचे आहे.

आधी मोजायचे काय आहे ते पाहू. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या, २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या वर्गीकरणात दहा व्यक्तिमत्त्व विकार आहेत. त्यांच्या व्याख्येचा गाभा असा की, विचार, भावना, नातेसंबंध आणि आवेगांवरील ताबा यांचा एक ताठर आकृतिबंध पौगंडावस्थेत किंवा तारुण्याच्या सुरुवातीला दिसू लागतो, अनेक वर्षे टिकतो आणि आयुष्याच्या निरनिराळ्या प्रसंगांत उमटतो. जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-११ हे आजारांचे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले आणि त्याने जवळपास सगळे जुने प्रकार बाजूला ठेवले. त्यात आधी सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवायचे, मग पाच गुणक्षेत्रांपैकी (स्वभावगुणांच्या गटांपैकी) कोणती ठळक आहेत ते नोंदवायचे; बॉर्डरलाइन आकृतिबंधाची (तीव्र भावना, दुरावण्याची भीती आणि नात्यांतील चढउतार) तेवढी स्वतंत्र नोंद करण्याची मुभा ठेवली आहे. निवड करणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. ‘आत्ममुग्ध आहे की नाही’ असे दोन टोकांचे उत्तर देणारे मॉडेल आयसीडी-११ च्या चौकटीत बसत नाही. भाषेतून मिळणारा संकेत मुळात कमी-जास्त प्रमाणाचा असतो, त्यामुळे तीव्रता किंवा गुणक्षेत्र यांचा अंदाज घेणारे काम त्याला अधिक मानवते.

संरचित मुलाखतीची ताकद तिच्या उलटतपासणीत आहे. एससीआयडी-५-पीडीसारख्या मुलाखतीत ‘हो’ हे उत्तर तसेच स्वीकारले जात नाही. उदाहरण मागितले जाते, ते किती वर्षांपासून आहे, कोणकोणत्या नात्यांत दिसते, त्यामुळे काय बिघडले, हे विचारले जाते. व्याख्येतील ‘टिकाऊ’ आणि ‘सर्वव्यापी’ या दोन्ही अटी अशा विचारपुशीतूनच तपासता येतात. त्यासाठी प्रशिक्षित माणूस आणि पुरेसा वेळ लागतो, हीच या पद्धतीची मोठी मर्यादा.

प्रश्नावली स्वस्त आणि झटपट आहे. बॉर्डरलाइनसाठीची मॅकलीन चाळणी चाचणी फक्त १० प्रश्नांची असून ७ किंवा अधिक होकार आल्यास पुढील तपासणी सुचवते. गुणांचा सविस्तर नकाशा हवा असेल तर पीआयडी-५ या प्रश्नावलीत २२० विधाने आहेत. पण प्रश्नावली माणसाच्या आत्मभानावर अवलंबून असते, आणि काही व्यक्तिमत्त्व विकारांत नेमके तेच क्षीण असते.

समाजमाध्यमांवरील भाषेचे आकर्षण येथूनच सुरू होते. ती कोणी विचारले म्हणून लिहिलेली नसते, तिच्यावर दिनांक असतो आणि मागे जाऊन ती वाचता येते. माणसाला तीन वर्षांपूर्वीची मनःस्थिती आठवायला सांगण्याची गरज पडत नाही. परंतु तो त्याच्या आयुष्याचा एकच रंगमंच असतो आणि समोर प्रेक्षक असतात. घरातले भांडण, कामावरची वागणूक, एकांतातली रिकामपणाची भावना यांपैकी पोस्टमध्ये काय येईल हे लिहिणाराच ठरवतो. व्याख्या ‘अनेक प्रसंगांत’ असे म्हणते आणि आपल्या हाती एकच प्रसंग असतो. ही उणीव मॉडेल कितीही मोठे केले तरी भरून निघत नाही.

आकडे काय सांगतात? समाजमाध्यमांवरील पाऊलखुणांवरून पाच प्रमुख व्यक्तिमत्त्व गुणांचा अंदाज घेणाऱ्या अभ्यासांचे एक एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सहसंबंध गुणांक साधारण ०.२९ ते ०.४० दरम्यान होते. म्हणजे माणसामाणसांतील फरकांपैकी जेमतेम ८ ते १६ टक्के भाग पकडता आला. हे सर्वसाधारण गुणांबद्दल झाले, विकारांबद्दल नव्हे. नैराश्याच्या बाबतीत २०१८ च्याच एका अभ्यासाने ६८३ रुग्णांच्या फेसबुक पोस्ट त्यांच्या संमतीने वैद्यकीय नोंदींशी जोडल्या आणि मॉडेलला ०.६९ इतका एयूसी मिळाला. याचा अर्थ असा की, निदान झालेला एक आणि न झालेला एक अशी जोडी पुढे ठेवली तर शंभरपैकी सुमारे ६९ वेळा मॉडेलचा क्रम बरोबर येतो, तर नाणे उडवले तरी ५० वेळा बरोबर येतोच. निदानाच्या आधीच्या सहा महिन्यांतीलच पोस्ट घेतल्यावर हा आकडा ०.७२ झाला. नैराश्य हे बहुधा काही काळ येऊन पुन्हा ओसरणारे दुखणे असल्याने असा जवळचा काळ निवडता येतो. व्यक्तिमत्त्व विकाराला असा ‘आधी’ आणि ‘नंतर’ सहसा नसतो, आणि म्हणून नैराश्यातील यश इकडे जसेच्या तसे गृहीत धरणे चुकीचे ठरेल.

लेबल कोठून आले?

लेबल म्हणजे मॉडेलला शिकवताना प्रत्येक माणसावर लावलेली ‘विकार आहे’ किंवा ‘नाही’ ही खूण. या क्षेत्रातील शोधनिबंध वाचताना मी सर्वांत आधी हाच भाग उघडतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ‘मला अमुक विकाराचे निदान झाले आहे’ असे स्वतःच लिहिणाऱ्यांच्या पोस्ट गोळा करणे. २०१४ च्या सुमारास ट्विटरवर ही पद्धत रूढ झाली आणि पुढच्याच वर्षी दहा मानसिक आजारांच्या एका अभ्यासात बॉर्डरलाइनचाही समावेश झाला. हजारो पोस्ट विनाखर्च मिळतात, हा तिचा फायदा. तोटा मात्र खोल आहे. जाहीरपणे निदान सांगणारी माणसे सर्व रुग्णांचे प्रतिनिधित्व करत नाहीत. बॉर्डरलाइनबद्दल मोकळेपणाने लिहिणारे पुष्कळ आहेत; समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार असलेला माणूस तसे अभिमानाने किंवा दुःखाने जाहीर करेल, ही शक्यता फार कमी. शिवाय अशा पोस्टमध्ये औषधांची, उपचारपद्धतींची आणि समुपदेशकाच्या भेटीची भाषा मिसळलेली असते. मॉडेल ती शिकते आणि विकार ओळखण्याऐवजी ‘हा माणूस उपचार घेत आहे’ हे ओळखू लागते. ज्याला अजून कोणी तपासलेच नाही, त्याच्या बाबतीत असे मॉडेल मुके राहते, आणि शोध तर त्याचाच घ्यायचा असतो.

२०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात हीच गोष्ट थेट तपासली गेली. स्वयंघोषणा, विशिष्ट खात्यांचे अनुयायी असणे अशा अप्रत्यक्ष खुणांवर शिकवलेली मॉडेल्स आपल्याच डेटावर चांगली चालली, पण प्रत्यक्ष निदान झालेल्या रुग्णांच्या पोस्टवर त्यांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. म्हणून मुलाखतीतून निदान झालेले दोनशे संमतीधारक आणि स्वयंघोषित वीस हजार यांत निवड करायची असेल, तर मी दोनशे निवडेन. प्रबंधासाठी तेवढे मिळणे शक्य नसेल तर प्रश्नावलीचे गुण घ्यावेत आणि निष्कर्ष ‘गुणांबद्दल’ मांडावेत, ‘विकाराबद्दल’ नव्हे.

तुलनेसाठी दुसऱ्या बाजूला कोणाला ठेवले आहे, हेही इथेच पाहावे. बॉर्डरलाइन असलेल्यांना यादृच्छिक वापरकर्त्यांपासून वेगळे काढणे तुलनेने सोपे असते, कारण दुःखाची भाषाच फरक दाखवून देते. तज्ज्ञासमोरचा प्रश्न तसा नसतो. त्याला बॉर्डरलाइन, बायपोलर, दीर्घकाळच्या आघाताचे परिणाम आणि नैराश्य यांत भेद करायचा असतो, आणि हे अनेकदा एकाच माणसात एकत्र आढळतात. ज्या अभ्यासात ही कठीण तुलना नाही, त्याचा ९० टक्के अचूकतेचा दावा चिकित्सालयात उपयोगी पडत नाही.

तंत्राची निवड

शब्दमोजणी हे सर्वांत जुने तंत्र. टेक्सास विद्यापीठातील जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांचे एलआयडब्ल्यूसी हे साधन शब्दांना सर्वनामे, राग, चिंता अशा गटांत टाकून त्यांचे प्रमाण काढते. कोणी विचारले की आकडा कसा आला, तर दाखवता येते, आणि डेटा थोडा असला तरी चालते. संदर्भ मात्र त्याला कळत नाही. ‘हसून हसून मेले’ हे वाक्य ते मृत्यूच्या गटात टाकू शकते. मराठीसारख्या भाषेत आणखी एक अडचण येते. ‘कंटाळले आहे’ असे म्हणताना ‘मी’ लिहावाच लागत नाही, त्यामुळे इंग्रजीत सर्वनामांवर उभारलेले निष्कर्ष इथे थेट आणता येत नाहीत.

शिवाय शब्दांबद्दलचे आपले अंदाज किती फसवे असतात, याचे उत्तम उदाहरण याच तंत्राने दिले. आत्ममुग्ध माणूस ‘मी, माझे’ जास्त वापरत असणार, असे सर्वांनाच वाटते. २०१५ मध्ये ४,८११ जणांवर केलेल्या तपासणीत हा संबंध जवळजवळ शून्य निघाला. पुढे २०१९ मध्ये सहा प्रयोगशाळांनी मिळून ४,७५४ जणांच्या भाषेत पाहिले तेव्हा ‘मी’चा संबंध नैराश्याशी दिसला, पण तो क्षीण होता आणि बराचसा सर्वसाधारण नकारात्मक भावनाशीलतेमुळे होता. म्हणजे ही खूण त्रासाची आहे, कोणत्याही एका विकाराची नव्हे.

शब्दांचे गट आधी न ठरवता डेटामधूनच शब्द, वाक्प्रयोग आणि विषय वर येऊ देण्याची पद्धत २०१३ मध्ये ७५ हजार स्वयंसेवकांच्या फेसबुक लेखनावर वापरली गेली. ती समृद्ध आहे, पण तिला प्रचंड नमुना लागतो आणि निदान झालेल्यांचे नमुने सहसा लहान असतात. बर्टसारखी संदर्भ ओळखणारी मॉडेल्स विनोद आणि वेदना यांत अधिक चांगला भेद करतात. मात्र मूळ बर्ट एका वेळी ५१२ शब्दखंडच वाचू शकत असल्याने माणसाच्या अनेक वर्षांच्या पोस्ट तुकड्यांत कापून पुन्हा जोडाव्या लागतात, आणि निष्कर्षाचे कारण सांगणे कठीण जाते. मोठ्या भाषा-मॉडेलला नुसते विचारून उत्तर मिळवणे सर्वांत सोपे आहे आणि मला सर्वांत धोक्याचेही वाटते: प्रश्नाची शब्दरचना बदलली की उत्तर बदलू शकते, तरीही सूर ठामच राहतो, आणि रुग्णाचे लेखन बाहेरच्या सर्व्हरवर जाते. सुरुवात शब्दमोजणीपासून करावी. गुंतागुंतीचे मॉडेल नव्या माणसांवर आणि शक्य तर दुसऱ्या माध्यमावर तिच्यापेक्षा खरोखर सरस ठरले, तरच ते घ्यावे.

विकारांनुसारही फरक पडतो. भावनांची तीव्रता, दुरावण्याची भीती आणि नात्यांतील चढउतार शब्दांत उतरतात, म्हणून बॉर्डरलाइनचा अभ्यास त्यातल्या त्यात फलदायी आहे. टाळणारे किंवा अलिप्त व्यक्तिमत्त्व मुळात कमी लिहिते, आणि मौनाचा अर्थ मॉडेलला लावता येत नाही. आत्ममुग्धता, डावपेची वृत्ती आणि मनोविकृत गुण यांच्यावर २०१२ मध्ये २,९२७ ट्विटर वापरकर्त्यांचा अभ्यास झाला. संशोधकांनीच असे म्हटले की एकट्या माणसाबद्दल सांगायला ही मॉडेल्स अपुरी आहेत, समूहांतील कल पाहायला उपयोगी पडू शकतात.

सरसकट चाळणीचा हिशोब

एखादी संस्था आपल्या सर्व सदस्यांच्या पोस्ट चाळण्याचा विचार करत असेल, तर तिने आधी हा हिशोब करावा. समजा १०,००० जणांत २ टक्के म्हणजे २०० जणांना विकार आहे, आणि मॉडेल रुग्ण व निरोगी या दोघांनाही ८० टक्के वेळा बरोबर ओळखते. मग १६० रुग्ण सापडतील, ४० निसटतील आणि उरलेल्या ९,८०० पैकी १,९६० जणांवर चुकीची खूण पडेल. खूण पडलेल्या २,१२० जणांत खरे रुग्ण साडेसात टक्केच असतील. व्यक्तिमत्त्व विकाराच्या नावाला समाजात आणि दुर्दैवाने काही दवाखान्यांतही जो कलंक चिकटलेला आहे, तो पाहता ही किंमत मला अमान्य आहे.

२०१४ मध्ये ब्रिटनमधील समॅरिटन्स या संस्थेने ट्विटरवर आपण ज्यांना फॉलो करतो त्यांच्या ट्वीटमधील धोक्याच्या खुणा कळवणारे एक साधन सुरू केले. हेतू चांगला होता, पण ज्यांचे ट्वीट तपासले जात होते त्यांची संमती घेतलेली नव्हती. टीका झाल्यावर काही दिवसांतच ते थांबवावे लागले. सार्वजनिक पोस्ट वाचता येते म्हणून तिच्यावरून आरोग्याबद्दल निष्कर्ष काढण्याची परवानगी मिळते, असे नाही; युरोपच्या जीडीपीआर कायद्यात आरोग्यविषयक माहिती विशेष संरक्षणाच्या वर्गात येते. अमेरिकन मानसोपचार संघटनेचा १९७३ पासूनचा नियमही सार्वजनिक व्यक्तीला न तपासता आणि तिच्या परवानगीशिवाय तिच्याबद्दल व्यावसायिक मत देण्यास मनाई करतो, आणि तो विचार मॉडेलच्या मतालाही तितकाच लागू पडतो, असे मी मानतो. २०२३ मध्ये ट्विटर आणि रेडिट या दोघांनीही डेटा मिळवण्याच्या वाटा महाग किंवा अरुंद केल्या, त्यामुळे रुग्णाने स्वतः आपले लेखन उतरवून देणे हा मार्ग आता नैतिक तर आहेच, व्यवहार्यही तोच आहे.

उपचार सुरू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मी पोस्टची भाषा तपासण्याच्या पद्धतीला सर्वाधिक वाव देईन. तिथे तुलना त्याची त्याच्याशीच असते, निदान मुलाखतीने आधीच झालेले असते आणि मॉडेल चुकले तर पुढच्या भेटीत ते बोलता येते. त्यासाठी काही गोष्टी लेखी ठरवाव्यात: कोणत्या तारखेपासूनच्या पोस्ट घ्यायच्या, त्यांत इतरांची नावे आणि संदेश असतील तर ते कसे काढायचे, निष्कर्ष प्रथम रुग्णालाच कसा दाखवायचा, आणि त्याने संमती मागे घेतली तर डेटा किती दिवसांत नष्ट करायचा.