कर्स ऑफ स्ट्राड, बॉक्स सेट : पूर्ण कॅम्पेन चालवल्यानंतरचा अनुभव (आणि त्या कवटीबद्दल)

कर्स ऑफ स्ट्राड ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळाची तयार मोहीम (कॅम्पेन) आहे. ज्यांना ती खेळाडू म्हणून खेळायची आहे त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळी रहस्यं उघडी केली आहेत. हे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) लोकांसाठी आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केलेली आमची कॅम्पेन संक्रांतीच्या सुमारास संपली. स्ट्राड हा व्हॅम्पायर आणि बरोव्हिया ही त्याच्या ताब्यातली दरी, एवढं पुरे; पहिल्या ते दहाव्या लेव्हलचा प्रवास कसा आखलाय वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते मी परत लिहीत नाही. मला बोलायचंय ते त्या दरीतल्या व्हॅम्पायर-शिकाऱ्यांबद्दल. आणि त्यातही एका कवटीबद्दल, कारण तिने आमचं टेबल दोन महिने अडवून ठेवलं होतं.

वल्लाकी या गावाच्या पश्चिमेला आर्गिनव्होस्टहोल्ट नावाचा पडका वाडा आहे. आर्गिनव्होस्ट हा चंदेरी ड्रॅगन, त्याने माणसाच्या रूपात राहून ऑर्डर ऑफ द सिल्व्हर ड्रॅगन हा सरदारांचा संघ उभा केला. स्ट्राडने त्याला मारलं, सरदारांनाही मारलं, आणि ते सरदार सूडापोटी रेव्हनंट होऊन उठले. ड्रॅगनचा आत्मा पार्टीला (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला) सांगतो की माझी कवटी शत्रूच्या किल्ल्यात आहे, ती आणून माझ्या समाधीत ठेवा म्हणजे वाड्याच्या माथ्यावरचा दीप पेटेल. कवटी आहे कुठे, तर किल्ले रेव्हनलॉफ्टच्या हाडांच्या दालनात, भिंतीवर टांगलेली. किल्ला दरीच्या पूर्वेला, वाडा पार पश्चिमेकडे. म्हणजे स्ट्राडच्या घरात शिरायचं, एवढी मोठी कवटी उतरवायची, सगळी दरी ओलांडून ती वाड्यात न्यायची, आणि मग त्याच किल्ल्यात पुन्हा शेवटच्या लढाईला जायचं. बदल्यात काय? दीप पेटलेला असेतो स्ट्राडच्या विरोधकांना एसी (वार चुकवायचा आकडा) आणि सेव्हिंग थ्रो (जादू वगैरेतून वाचायला टाकायचा फासा) यांना प्रत्येकी एकची भर.

एक! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. खेळाडू किल्ल्यात जिवंत शिरून जिवंत बाहेर पडू शकत असतील, तर ते पहिल्याच फेरीत स्ट्राडची शवपेटी शोधणार नाहीत का? ड्रॅगनची मागणी वाड्याच्या प्रकरणात आहे, कवटी किल्ल्याच्या प्रकरणात आहे, आणि मधली सगळी वाट डीएमच्या डोक्यावर. ऑक्टोबरपर्यंत माझं ठाम मत होतं की हा या मोहिमेतला सगळ्यात वाईट भाग आहे. आमच्यातल्या श्वेताताईने (ती पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, खेळायची) तेव्हा जे म्हटलं ते मला पटलं होतं: "एवढी हमाली करायची तर निदान दोन तरी द्या."

आता बॉक्सबद्दल, कारण पैसे आमच्या वर्गणीतून गेले आहेत. २०१६ ची मूळ आवृत्ती म्हणजे २५६ पानांचं एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. २०२० ची रीव्हॅम्प्ड आवृत्ती म्हणजे शवपेटीसारखी खोकी, त्यात २२४ पानांचं पातळ बांधणीचं पुस्तक, राक्षसांची वेगळी पुस्तिका, ५४ पत्त्यांचा टारोक्का (मोहिमेतले भविष्य सांगायचे पत्ते) संच, डीएम स्क्रीन, नकाशा आणि पोस्टकार्डं. छापील किंमत मूळ पुस्तकाची ४९.९५ डॉलर, खोक्याची ९९.९९. आमच्याकडे खोकं आलं ते एका ऑनलाइन दुकानाकडून, नाव घेत नाही. कोपरा दबलेला, आतल्या पत्त्यांच्या संचाचं वेष्टन फाटलेलं आणि एक पत्ता गायब. दुकानाचं म्हणणं, उघडलेला खेळ परत घेत नाही. न उघडता आत एक पत्ता कमी आहे हे कसं कळणार, याचं उत्तर त्यांच्या एकाही मेलमध्ये नव्हतं. शेवटी मी नाद सोडला.

सोडला, कारण त्या पत्त्यांची गरजच नाही. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय की साधा पत्त्यांचा कॅट चालतो. गुलाम, राणी, राजे आणि दोन जोकर मिळून चौदा, ती वरची गड्डी. एक्क्यापासून दश्शीपर्यंत चाळीस, ती खालची. इस्पिक म्हणजे तलवारी, किलवर म्हणजे तारे, चौकट म्हणजे नाणी, बदाम म्हणजे चिन्हं. घरात रमीचा कॅट आहे ना? मग झालं. आमचं मॅडम ईव्हाचं (मोहिमेतली पत्ते मांडणारी ज्योतिषी) भविष्यकथन त्याच कॅटवर झालं आणि कुणालाही काही कमी वाटलं नाही. टारोक्काची चित्रं सुंदर आहेत, पण दुप्पट किंमत चित्रांसाठी द्यायची की नाही हे आपापल्या खिशाने ठरवावं. मी पुन्हा घेतलं तर जुनं जाड पुस्तक घेईन.

फक्त एका बाबतीत नवी आवृत्ती निर्विवाद चांगली आहे, ती म्हणजे विस्तानींचं चित्रण. जुन्या पुस्तकात ही भटकी जमात बहुतेक दारूडी, लबाड आणि स्ट्राडची हेर अशी रंगवली होती. युरोपातल्या रोमा लोकांबद्दलचे सगळे जुने आकस त्यात उतरले होते. २०२० मध्ये ते बरंच सुधारलं. हा मुद्दा आपल्याला परका नाही. १८७१ च्या कायद्याने आपल्याकडे जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, आणि पारध्यांच्या पालावर पोलिसांची धाड अजूनही आधी पडते. माझ्या टेबलावर दोघे जण भटक्या-विमुक्तांच्या शाळेत शिकवतात. त्यांच्यासमोर जुना मजकूर वाचायची माझी तयारी नव्हती, आणि तो वाचावा लागला नाही याचं मला मनापासून समाधान आहे.

आणि हा मुद्दा शिकाऱ्यांशी थेट जोडलेला आहे. बरोव्हियातला सगळ्यात नावाजलेला शिकारी म्हणजे डॉक्टर रुडॉल्फ व्हॅन रिक्टन. त्याचा मुलगा इरॅस्मस विस्तानींनी पळवला आणि एका व्हॅम्पायरला विकला. मुलाला त्या अवस्थेतून सोडवायला बापालाच त्याला संपवावं लागलं. तेव्हापासून त्याच्यावर शाप आहे की जवळचा प्रत्येक माणूस राक्षसांच्या हातून मरेल. म्हणून तो वल्लाकीच्या खाणावळीत रिक्टाव्हिओ नावाच्या रंगेल गवयाच्या वेषात राहतो, सोबत पिकोलो नावाचं माकड, बोटात मन झाकणारी अंगठी. आणि त्याची शिष्या एझमेरेल्डा स्वतः विस्तानी! लांडगा-माणसाने तिचा पाय तोडलाय, ती कृत्रिम पायावर चालते, आणि गुरूला शोधत एकटी या दरीत आली आहे. गुरू तिला टाळतो, कारण ती जवळ आली तर मरेल अशी त्याची खात्री आहे.

तर मोजा. तोंड चुकवणारा म्हातारा. त्याला शोधणारी मुलगी. वाड्यात कुढणारे मेलेले सरदार. आणि किपर्स ऑफ द फेदर, म्हणजे गुपचूप काम करणारी कावळा-माणसांची संघटना, मार्टिकोव्ह कुटुंब. यातला उर्विन वल्लाकीत खाणावळ चालवतो, त्याचा बाप दाव्हियन द्राक्षमळा. मळ्याच्या तीन जादूई रत्नांतलं पहिलं चोरीला गेलं त्याचा दोष बापाने मुलावर ठेवलाय, आणि बापलेकांचं नीट बोलणं नाही. चार शिकारी, एक शत्रू, आणि कुणाचं कुणाशी धड नातं नाही. व्हॅन रिक्टन उर्विनच्याच छताखाली झोपतो, तरी एकमेकांच्या योजना एकमेकांना ठाऊक नाहीत.

मला सुरुवातीला हे लेखकांचं दुर्लक्ष वाटायचं. खास करून कावळ्यांचं. कावळे दरीभर उडतात, सगळं बघतात, पण नक्की काय बघितलंय याची एक साधी यादीसुद्धा पुस्तकात नाही. पार्टी खाणावळीत बसून विचारते, "किल्ल्यात आत्ता कोण आहे?" आणि डीएमने तिथल्या तिथे उत्तर बनवायचं. ही उणीव मला आजही उणीवच वाटते. २०२१ च्या व्हॅन रिक्टन्स गाइड टू रेव्हनलॉफ्टमध्ये किपर्सवर स्वतंत्र मजकूर आहे, पण त्यासाठी दुसरं पुस्तक विकत घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. कागद घ्या, दहा अफवा लिहा, त्यातल्या सात खऱ्या ठेवा. तेवढ्यात भागतं.

बाकीच्याबद्दल मात्र दिवाळीनंतर माझं मत पूर्ण फिरलं, आणि फिरवलं त्या कवटीनेच.

झालं असं की स्ट्राडने पार्टीला जेवणाचं आमंत्रण पाठवलं. मोहिमेत ते आहेच, आणि पाहुण्यांना तो येताना अडवत नाही. मंडळींनी ठरवलं की जेवायला जायचं आणि कवटी घेऊन यायची. पण एवढा बोजा एकट्या पार्टीने बाहेर कसा काढायचा? इथे पहिल्यांदा त्यांना बाकीच्या शिकाऱ्यांची खरी गरज पडली. आमचा रोग (चोराचं पात्र) उर्विनकडे गेला आणि म्हणाला की किल्ल्याभोवती कावळे हवेत, कुणी मागे लागलं तर आम्हाला कळलं पाहिजे. उर्विनची अट एकच, आधी बापाच्या मळ्यावरचं संकट मिटवा. म्हणजे मळ्याची मोहीम, जी एरवी बाजूची वाटते, ती एकदम मुख्य रस्त्यावर आली. एझमेरेल्डाने गाडी दिली. (तिच्या त्या गाडीचं दार सरळ उघडू नका. आत आल्केमिस्ट्स फायरचा (भडकणाऱ्या द्रवाचा) साठा आहे. आमच्या पार्टीला हे सांगावं लागलं नाही, कारण गाडी उभी असते त्या व्हॅन रिक्टनच्या मनोऱ्याजवळ तिला आधी भेटायचं एवढं शहाणपण त्यांनी दाखवलं.) आणि गाडीसाठी ती हवी म्हटल्यावर व्हॅन रिक्टनला तिच्यासमोर बसावंच लागलं.

तो प्रसंग मी लिहून ठेवलेला नव्हता. व्हॅन रिक्टन मी बोलत होतो, एझमेरेल्डा त्या रात्रीपुरती श्वेताताईकडे सोपवली होती. ती म्हणाली, "सर, मी मरायचं की नाही हे तुम्ही परस्पर का ठरवता?" टेबलावर कुणी फासा उचलला नाही बराच वेळ. पुस्तकात हे संभाषण नाही, पण ते घडावं म्हणून लागणारं सगळं पुस्तकात आहे: शाप, मुलगा, जमात, पाय, टाळाटाळ. शिकारी विखुरलेले ठेवलेत ते यासाठीच, हे मला तेव्हा दिसलं. त्यांना जोडणं हे पार्टीचं काम आहे, आणि कवटी हे जोडायचं निमित्त आहे.

हॉर्नगार्डबद्दलही तेच. व्लादिमिर हॉर्नगार्ड हा वाड्यातल्या रेव्हनंटांचा प्रमुख, आणि तो स्ट्राडला मारू पाहणाऱ्यांच्या विरोधात आहे. स्ट्राड या दरीत कैदी आहे, रोज जळतोय, आणि मरण म्हणजे त्याची सुटका, असं त्याचं गणित. शत्रूने भोगत राहावं म्हणून सगळ्या दरीने भोगत राहिलं तरी त्याला चालतं. व्हॅम्पायर-शिकाऱ्यांचे संघ मी बऱ्याच सेटिंगमध्ये वाचलेत. बहुतेक ठिकाणी ते म्हणजे क्रॉसबो, लसूण आणि शपथ. सूड जपता जपता शत्रूचाच पहारेकरी झालेला संघ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आमची पार्टी कवटी घेऊन वाड्यात आली तेव्हा त्याने तलवार काढली. मी लढाईची तयारी करून बसलो होतो. पार्टीने कवटी जमिनीवर ठेवली आणि त्याच्या मेलेल्या सरदारांची नावं एकेक करून विचारली. मी त्याला तलवार खाली ठेवायला लावली. डीएमने असं काही करावं असं पुस्तकात लिहिलेलं नाही, पण करू नये असंही नाही.

आता त्या एकबद्दल. शेवटच्या लढाईत स्ट्राडने श्वेताताईच्या पॅलाडिनवर मोहिनी टाकली. त्याच्या मोहिनीचा डीसी (वाचायला लागणारा किमान आकडा) १७. सूर्यतलवार तिच्या हातात होती, आणि तिच्या उजेडाशिवाय तो दर टर्नला वीस हिट पॉइंट भरून काढतो. ती फितली असती तर सगळेच संपले असते. फासा, विस्डम, सगळं मिळून सोळा. ती खाली बसली. मग पलीकडून क्लेरिक (पुजाऱ्याचं पात्र) ओरडला, "दीप! दीप धर!" सतरा. मी आजवर टेबलावर पाहिलेला हा सगळ्यात मोठा आनंद आहे, आणि दोन मिळाले असते तर तो इतका झाला नसता. कवटीबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतो. तिचा रस्ता पुस्तकात धड आखलेला नाही, ही तक्रार कायम आहे.

घ्यायचं कुणी? ज्यांना खोलीमागून खोली मारत जायचंय त्यांनी घेऊ नये, कंटाळतील. ज्यांच्याकडे चार-पाच पक्के खेळाडू आणि सहा-आठ महिन्यांची शाश्वती आहे, त्यांनी जरूर घ्यावं. पहिल्या सेशनआधी आर्गिनव्होस्टहोल्टचं प्रकरण आणि किल्ल्याच्या तळघरांची पानं एकत्र वाचा, कवटीची खूण करून ठेवा. जेवणाचं आमंत्रण वाड्याची भेट झाल्यावरच पाठवा, आधी पाठवलंत तर पार्टी भिंतीवरची कवटी बघून पुढे निघून जाईल. एझमेरेल्डा सहाव्या लेव्हलच्या आसपास भेटू द्या, त्याआधी ती सोबत आली तर पार्टीचं काम तीच करून टाकते. किल्ल्याचे नकाशे तिरप्या कोनातून काढलेत, दिसायला देखणे पण जिने कुठून कुठे जातात ते पटकन कळत नाही. मोठ्या कागदावर छापून जिन्यांना रंग द्या. आणि पत्त्यांचा कॅट घेताना दोन्ही जोकर जागेवर आहेत का ते पाहून घ्या.